अल्झायमरग्रस्ताच्या घरासाठी पुस्तक कसे निवडावे

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अल्झायमर असल्याचे निदान हाती पडते, त्या आठवड्यात पुष्कळ घरांत एकच गोष्ट घडते. कोणीतरी, बहुधा परगावी किंवा परदेशी असलेला मुलगा अथवा मुलगी, काळजीपोटी एका रात्रीत चार-पाच जाडजूड पुस्तके मागवते. ती येतात, कपाटावर रचली जातात, आणि ज्या व्यक्तीला त्यांची खरी गरज असते तिला ती उघडायला दिवसाकाठी वीस मिनिटेही मिळत नाहीत. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात आमच्याकडेही असेच झाले. आलेल्या सहा पुस्तकांपैकी एकच उपयोगी पडले, आणि तेही त्यातल्या दोन-तीन प्रकरणांपुरते. पुढे ओळखीच्या घरांतून पुस्तकांविषयी विचारणा होऊ लागली, तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिल्यांदा हेच सांगते की पुस्तक आजाराच्या नावावरून निवडू नका. आज घरात नेमके काय अडले आहे आणि ते पुस्तक कोण वाचणार आहे, यावरून निवडा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : निदानाचे नाव नीट वाचा

दुकानात जाण्याआधी डॉक्टरांचा कागद काढून त्यावर नेमके काय लिहिले आहे ते पाहावे. स्मृतिभ्रंश, ज्याला दवाखान्यात डिमेन्शिया म्हणतात, हे एका आजाराचे नाव नसून लक्षणांच्या समूहाचे नाव आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण असून स्मृतिभ्रंशाच्या साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत तेच आढळते. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडामुळे होणारा स्मृतिभ्रंश, लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश आणि मेंदूच्या पुढच्या व कानशिलाकडच्या भागांत सुरू होणारा स्मृतिभ्रंश हे वेगळे प्रकार आहेत, आणि त्यांच्या घरांच्या अडचणीही वेगळ्या असतात. मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या प्रकारात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते, मात्र वागण्याबोलण्याची रीत बदलते. अशा घराने विसराळूपणावरचे पुस्तक वाचले तर 'आमच्याकडे तर असे काहीच नाही' असे वाटून निदानावरचाच विश्वास उडतो. लेवी बॉडी प्रकारात तर चुकीच्या पुस्तकाने नुकसान होऊ शकते, कारण भास आणि अस्वस्थता आवरण्यासाठी दिली जाणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधे या रुग्णांना धोक्याची ठरतात, आणि हे अल्झायमरपुरत्या पुस्तकात सापडेलच असे नाही.

निदान अजून झालेच नसेल आणि केवळ शंका असेल, तर पुस्तक थांबू द्यावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा काही औषधांचा परिणाम यांमुळेही माणूस विसरू लागतो, गोंधळतो, आणि यांतली बरीच कारणे उपचाराने दूर होऊ शकतात. ती तपासणी होण्याआधी पुस्तक वाचून घरच्या घरी निदान करणे, किंवा 'म्हातारचळ लागला' म्हणून सोडून देणे, या दोन्ही गोष्टींत रुग्णाचेच नुकसान आहे.

दुसरी पायरी : घरातला आजचा प्रश्न कागदावर उतरवा

गेल्या पंधरा दिवसांत ज्या तीन गोष्टींवरून घरात सर्वांत जास्त ओढाताण झाली, त्या साध्या शब्दांत लिहून काढा. 'आंघोळीला अजिबात तयार होत नाहीत', 'दिवेलागणीला मला घरी जायचंय म्हणत दाराशी उभ्या राहतात', 'सुनेने माझे पैसे चोरले असे शेजारी जाऊन सांगतात', इतके पुरेसे आहे. ही यादी वरची असेल तर तुम्हाला रोजच्या शुश्रूषेचे पुस्तक हवे आहे, मेंदूच्या रचनेचे नव्हे. यादीत बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र किंवा भावंडांमधली खर्चाची वाटणी असेल, तर परदेशी पुस्तकाचा फारसा उपयोग नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे. आणि 'समोर बसलेली बाई माझी आई आहे असे मला आता वाटतच नाही' असे काही त्या कागदावर आले, तर शुश्रूषेच्या पुस्तकाने ते सुटणार नाही. तिथे दुःखाविषयी बोलणारे पुस्तक लागेल.

त्याच कागदावर प्रत्येक प्रश्नासमोर वाचणाऱ्याचे नाव लिहा. पत्नीची काळजी घेणाऱ्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांना मोठ्या टाइपातले, पातळ, मराठी पुस्तक लागते, आणि ते अंथरुणावर पडून हातात धरता आले पाहिजे. न्यू जर्सीतल्या मुलीला आजाराचा पुढचा प्रवास समजून घ्यायचा असतो, कारण सुट्टी कधी घ्यायची हे तिला ठरवायचे असते. ब्युरोकडून आलेल्या मावशींना पुस्तक नको, एका पानावरच्या ठळक सूचना हव्यात. दहा वर्षांच्या नातवाला 'आजी माझे नाव का विसरली, आणि ते मला पण होईल का' एवढेच विचारायचे असते. या चौघांसाठी एकच पुस्तक आणले तर ते कोणाचेच होत नाही.

तिसरी पायरी : पुस्तकाची जात ओळखा

बाहेरून सारखी दिसणारी ही पुस्तके आतून फार वेगळी असतात, म्हणून प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचून आपल्या हातात कोणत्या जातीचे पुस्तक आहे हे आधी ठरवावे.

घराला पहिले लागते ते शुश्रूषेचे मार्गदर्शक. इंग्रजी वाचणाऱ्यांना मी आजही 'द थर्टीसिक्स अवर डे' सुचवते. नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांचे हे पुस्तक १९८१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले आणि तेव्हापासून ते वेळोवेळी सुधारून पुन्हा छापले गेले आहे. काळजी घेणाऱ्याचा एक दिवस छत्तीस तासांचा वाटतो, हे त्याच्या नावातच आले आहे, आणि ते नाव वाचूनच कित्येकींना कोणीतरी आपल्याला ओळखले असे वाटते. पुस्तक मात्र जाड आहे. ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. शब्दकोश उघडावा तसे अडलेल्या शब्दापाशी उघडावे. अशा पुस्तकांची खरी शिकवण थोडक्यात सांगता येते, पण ती अंगी बाणायला महिने लागतात. रुग्णाशी वाद घालून त्याला चूक पटवून देता येत नाही, कारण नवी गोष्ट मेंदूत साठवण्याची सोयच आजाराने नेलेली असते. त्यामुळे त्याच्या शब्दांमागची भीती किंवा गरज शोधावी लागते, आणि एक मोठे काम लहान लहान कृतींत तोडून एका वेळी एकच कृती सांगावी लागते. 'आंघोळ करून घ्या' या तीन शब्दांत किमान पंधरा कामे दडलेली आहेत, हे मला पुस्तक वाचेपर्यंत कधी सुचलेच नव्हते.

दुसरी जात आहे ती खुद्द रुग्णाने लिहिलेल्या पुस्तकांची. ही अलीकडची आणि अतिशय मोलाची भर आहे, आणि आजार सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर घरातल्या प्रत्येकाने यांतले एक तरी वाचावे असे मला मनापासून वाटते. इंग्लंडमधील वेंडी मिचेल यांना २०१४ साली, वयाच्या ५८व्या वर्षी निदान झाले, आणि २०१८ मध्ये त्यांचे 'समबडी आय यूज्ड टू नो' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. निदान झाल्यावरही माणूस वर्षानुवर्षे विचार करतो, ठरवतो, अपमान ओळखतो, हे अशा पुस्तकातून जितके कळते तितके डॉक्टरांच्या पुस्तकातून कळत नाही. ते वाचल्यावर रुग्णासमोर त्याच्याविषयी तिसऱ्या व्यक्तीत बोलण्याची आपली सवय आपोआप खटकू लागते.

दुःखाविषयीच्या पुस्तकांत पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेचे नाव मी पहिल्यांदा घेईन. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की माणूस गेला असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही, अशा स्थितीतले दुःख संपायला वाटच सापडत नाही. अल्झायमरच्या घरात हेच उलट्या बाजूने घडते. शरीर समोर असते, ओळख निसटत जाते. २०११ साली त्यांनी याच विषयावर स्मृतिभ्रंशाच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपल्याकडे तेराव्याला चार माणसे येऊन बसतात, रडू देतात. या दुःखाला तसा कोणताच दिवस नसतो, आणि म्हणून त्याला नाव देणारे पुस्तक उपयोगी पडते.

कादंबऱ्यांबाबत थोडी सावधगिरी हवी. लिसा जेनोव्हा यांची 'स्टिल ॲलिस' ही गाजलेली कादंबरी उत्तम आहे, परंतु तिची नायिका पन्नाशीची विद्यापीठीय प्राध्यापिका आहे आणि तिचा आजार एका जनुकातील दोषामुळे मुलांकडे जाणारा, दुर्मीळ प्रकारचा आहे. ती वाचून सत्तरीनंतर निदान झालेल्या आईच्या मुली हादरून जातात. थेट एका जनुकातून खात्रीने उतरणारे अल्झायमर शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत असते. उतारवयातल्या नेहमीच्या प्रकारात आनुवंशिकतेमुळे शक्यता थोडी वाढते, ते विधिलिखित नसते. हे आधी सांगितल्याशिवाय ती कादंबरी कोणाला देऊ नये. ज्यांच्याने वाचन होतच नाही त्यांच्यासाठी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा मराठी चित्रपट आहे. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे, आणि घरच्या मुलीची फरफट त्यात जशी दिसते तशी आपल्या भाषेत क्वचितच दिसली आहे.

चौथी पायरी : दुकानात पंधरा मिनिटे घालवा

शुश्रूषेचे पुस्तक हातात घेतल्यावर मागची सूची उघडा आणि चार गोष्टी शोधा : आंघोळ, संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता, घराबाहेर निघून जाणे आणि गिळताना लागणारा ठसका. मराठी पुस्तकांना पुष्कळदा सूची नसते. तेव्हा अनुक्रमणिकेवरून अंदाज घ्यावा. चारांपैकी तीन विषयांवर प्रत्यक्ष काय करावे हे लिहिलेले असेल, तर पुस्तक लिहिणाऱ्याने रुग्णाजवळ दिवस काढलेले आहेत असे समजावे. 'प्रेमाने समजवावे', 'धीर धरावा' एवढ्यावरच प्रकरण संपत असेल, तर तो सल्ला खोटा नसला तरी रात्री दोन वाजता त्याचा उपयोग नसतो.

त्यानंतर आवृत्तीचे वर्ष पाहा. आंघोळ घालण्याचा, बोलण्याचा, भरवण्याचा सल्ला वीस वर्षांनीही जुना होत नाही. औषधांचे प्रकरण मात्र होते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमँटिन ही औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात, आजार थांबवत नाहीत. मेंदूत साचणारे अमिलॉइड नावाचे प्रथिन हटवणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळवून आली. ती फक्त सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी आहेत, आजाराची गती काहीशी मंदावतात, आणि त्यांमुळे मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. याआधीच्या पुस्तकात यांतले काही नसेल, म्हणून पुस्तक टाकून देऊ नये. औषधांपुरते डॉक्टरांना विचारावे.

आजार उलटवण्याचे, चाळीस दिवसांत स्मृती परत आणण्याचे, एखाद्या तेलाने, आहाराने किंवा कोड्यांनी हमखास बरे करण्याचे आश्वासन मुखपृष्ठावर असेल, तर ते पुस्तक परत ठेवा. अल्झायमर आजतरी बरा करता येत नाही. प्रतिबंधाविषयीची पुस्तके या बाबतीत विशेष जपून वाचावीत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा असे १४ धोक्याचे घटक मांडले आणि ते सगळे दूर केले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असा अंदाज दिला. हा आकडा पूर्ण लोकसंख्येचा आहे, तुमच्या वडिलांचा नाही. तुम्ही त्यांना रोज शब्दकोडे सोडवायला बसवले नाही म्हणून हे झाले, असे सुचवणारे कोणतेही पुस्तक आधीच थकलेल्या माणसावर अन्याय करते.

पाचवी पायरी : परदेशी पुस्तक आपल्या घराला लावून वाचा

चांगली पुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि अमेरिका-इंग्लंडच्या घरांसाठी लिहिलेली आहेत. ती वाचताना हातात पेन्सिल असावी. माणसाशी कसे वागावे हे सांगणारा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. मेडिकेअर, मेडिकेड या अमेरिकी सरकारी आरोग्य योजना, नर्सिंग होमची निवड, गाडी चालवण्याचा परवाना यांवरची प्रकरणे आपल्यासाठी बाद आहेत; त्यांवर सरळ रेघ मारावी, म्हणजे पुढे वाचणाऱ्याचा वेळ वाचतो.

कायद्याच्या प्रकरणावर मात्र नुसती रेघ मारून भागणार नाही, कारण तिथे अर्धवट लागू करण्याचा मोह घात करतो. परदेशी पुस्तके सांगतात की रुग्ण समजत्या अवस्थेत असतानाच, पुढे भान गेल्यावरही टिकणारे कुलमुखत्यारपत्र करून ठेवा. भारतात तशी सोय नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागल्याची उदाहरणे आहेत. म्हणून निदान लवकर झाले असेल तर मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाती आणि नामनिर्देशन ही कामे वकिलाच्या सल्ल्याने त्याच महिन्यात हाती घ्यावीत. त्यासाठी पुस्तकाची वाट पाहू नये.

उरलेले रूपांतर घरातली बाई सहज करते. हाताने खाता येतील असे पदार्थ द्या, असे पुस्तक म्हणते आणि त्यापुढे सँडविचची यादी देते. आपण पोळीची गुंडाळी, इडलीच्या फोडी, शिऱ्याची मूद द्यावी. स्वयंपाकघरातल्या धोक्यांत विजेच्या शेगडीऐवजी गॅसचा रेग्युलेटर घालावा, आणि देवघरातल्या निरांजनाचा उल्लेख कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही, तो स्वतः भरावा. स्थानिक मदतीच्या पानावर भारतातील १९९२ सालापासून काम करणाऱ्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे नाव आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या शासकीय मदतवाहिनीचा क्रमांक लिहून ठेवावा.

सहावी पायरी : मराठी पुस्तक शोधण्याच्या युक्त्या

या विषयावर मराठीत पुस्तके थोडी आहेत, आणि जी आहेत ती शोधणाऱ्याच्या नजरेतून निसटतात, कारण आजाराचे नाव एकसारखे लिहिले जात नाही. अल्झायमर, अल्झायमर्स, आल्झायमर, अल्झेमर, स्मृतिभ्रंश, विस्मृती, डिमेन्शिया ही सगळी रूपे एकेक करून शोधावीत. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात आरोग्याच्या कपाटाबरोबरच मानसशास्त्र आणि आत्मकथने यांची कपाटेही पाहावीत, कारण आईच्या आजारपणाविषयी लेकीने लिहिलेले पुस्तक आरोग्यात लावलेले नसते. जिथे ड्यूईच्या पद्धतीने क्रमांक दिलेले असतात तिथे ६१६.८ आणि ३६२ या दोन क्रमांकांपाशी थांबावे. पहिल्यात मज्जासंस्थेचे आजार असतात, दुसऱ्यात आजारी व वृद्ध माणसांच्या सेवेची पुस्तके. ग्रंथपालांना विषय मोकळेपणाने सांगावा. आजार लपवून विचारले की 'वृद्धापकाळात आनंदी कसे राहावे' हेच पुस्तक पुढे येते.

मराठी पुस्तक मिळालेच नाही, तर घरातल्या इंग्रजी वाचणाऱ्या एकाने दर आठवड्याला एकच प्रकरण वाचून त्याचे अर्ध्या पानाचे मराठी टिपण करावे. परदेशी असलेल्या मुलांना मी हे काम आवर्जून द्यायला सांगते, कारण लांबून करता येणारी आणि खरोखर उपयोगी पडणारी ही मदत आहे. त्या टिपणातल्या पाच ओळी मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावल्या की मावशींचेही काम होते. वैद्यकीय शब्दाला जडजंबाळ प्रतिशब्द शोधत बसू नये. घरात जो शब्द बोलतात तोच लिहावा.

सातवी पायरी : पुढची पाने आज वाचू नका

आजाराच्या शेवटच्या अवस्थेवरचे प्रकरण प्रत्येक पुस्तकात असते, आणि निदानाच्या आठवड्यात वाचणारा हमखास तेच पहिल्यांदा उघडतो. मीही उघडले होते, आणि त्यानंतर कित्येक दिवस सासूबाई समोर हसतखेळत बसलेल्या असताना माझ्या डोळ्यांपुढे अंथरुणाला खिळलेली बाई येत होती. अल्झायमरचा प्रवास अनेक वर्षांचा असतो आणि प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. त्या पानांना रबर लावून ठेवावे आणि गिळण्याची किंवा चालण्याची अडचण सुरू झाली की काढावे. हा नियम फक्त शुश्रूषेच्या भागाला लावावा. कागदपत्रांचा भाग मात्र पहिल्या दिवशीच वाचावा.

पुस्तक रुग्णासमोर उघडे टाकू नये, तसेच ते लपवूही नये. सुरुवातीच्या अवस्थेतल्या माणसाला स्वतःच्या आजाराविषयी वाचायचे असेल, तर त्यांना शुश्रूषेचे पुस्तक न देता रुग्णाने लिहिलेले द्यावे, कारण शुश्रूषेच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख सतत एक अडचण म्हणून येतो.

आणि एक पुस्तक घरीच तयार करावे. जुन्या फोटोंची वही घेऊन प्रत्येक पानावर एकच मोठा फोटो लावावा, खाली ठळक अक्षरांत नाव, नाते आणि गाव लिहावे, आणि हे काम घरातल्या मोठ्यांना ती नावे आठवत आहेत तोवरच उरकावे. लग्नाचा, बाळंतपणाचा, पहिल्या नोकरीचा फोटो आधी, नातवंडांचे नंतर, कारण जुन्या आठवणी जास्त काळ टिकतात. 'हे कोण, ओळखा पाहू' असे विचारू नये. 'या तुमच्या कोल्हापूरच्या मावशी ना' असे म्हणून बोलणे आपणच सुरू करावे. शेवटच्या पानांवर त्यांना लहानपणापासून पाठ असलेले अभंग, श्लोक आणि भूपाळ्या मोठ्या टाइपात चिकटवाव्यात. सासूबाईंना माझे नाव आठवेनासे झाल्यावरही मी पहिली ओळ वाचली की दुसरी त्या म्हणत असत.